तीनशे टक्क्यांच्या हिशेबात सातारा कुठे?

दुसरं महायुद्ध जिंकण्यात तुमच्या देशाचा वाटा किती टक्के? अमेरिकेतल्या काही मानसशास्त्रज्ञांनी अकरा देशांतल्या लोकांना हा साधा प्रश्न विचारला आणि २०१९ मध्ये त्याची उत्तरं प्रसिद्ध केली. रशियन माणसांनी सरासरी ७५ टक्के वाटा आपल्या देशाला दिला. अमेरिकनांनी ५४ टक्के घेतला, ब्रिटिशांनी ५१. तिघांतच १८० टक्के युद्ध संपलं. पुढे फ्रान्स, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, चीन यांनी आपापला वाटा सांगितला आणि आठ दोस्त राष्ट्रांची बेरीज तीनशेच्या वर गेली. उरलेले तीन देश हरलेल्या बाजूचे होते.

त्या आठांत भारत नाही. पंचवीस लाखांची फौज उभी केलेल्या आणि सुमारे ८७ हजार माणसं गमावलेल्या देशातल्या कुणाला हा प्रश्नच विचारला गेला नाही. विचारला असता, तर आपण काय उत्तर दिलं असतं?

महायुद्ध संपून ऐंशी वर्षं झाली म्हणून संपादकांनी ‘महायुद्ध आणि आपण’ हा विषय ठरवला, तेव्हा माझ्या डोक्यात हेच घोळत होतं. जिकडे तिकडे वाटणी पुन्हा नव्याने चालली आहे. २०२५ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या अध्यक्षांनी ८ मे हा विजयदिन जाहीर केला आणि जिंकण्यात आपल्या जवळपासही कुणी नव्हतं असं सांगितलं. त्याच आठवड्यात मॉस्कोत संचलन झालं. सप्टेंबरात बीजिंगमध्ये झालं. फ्रान्सची गोष्ट तर फार बोलकी आहे. जर्मनीला हरवण्यात सर्वांत मोठा वाटा कुणाचा, असं मे १९४५ मध्ये विचारलं तेव्हा ५७ टक्के फ्रेंचांनी सोव्हिएत संघाचं नाव घेतलं होतं आणि २० टक्क्यांनी अमेरिकेचं. २००४ मध्ये तोच प्रश्न विचारला तेव्हा ५८ टक्के अमेरिका म्हणाले आणि २० टक्के सोव्हिएत संघ. मधल्या साठ वर्षांत मेलेल्यांची संख्या बदलली नव्हती. सिनेमे, पाठ्यपुस्तकं आणि शीतयुद्ध यांनी माणसांचं मत बदललं होतं.

मी सातारा आणि सांगली निवडलं ते एका कारणासाठी. युद्धाच्या काळात हा मुलूख एका बाजूने इंग्रजांच्या फौजेला माणसं पुरवत होता आणि दुसऱ्या बाजूने इंग्रजांचं राज्य उलथून टाकत होता. दोन्ही कामं त्याच गावांत चालली होती, पुष्कळदा एकाच भावकीत.

नकाशाची एक गोष्ट आधी सांगायला हवी. तेव्हा सांगली जिल्हा नव्हता. सांगली, मिरज, जत, औंध ही संस्थानं होती आणि वाळवा, तासगाव, खानापूर, शिराळा हे तालुके सातारा जिल्ह्यात होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली नाव मिळालं. युद्धाच्या कागदांत विट्याचा किंवा इस्लामपूरकडचा माणूस शोधायचा तर तो ‘सातारा’ खालीच सापडतो. पुष्कळ घरांचा शोध इथेच अडतो, कारण ते सांगली शोधत बसतात.

अपशिंगे मिलिटरी

साताऱ्याहून कराडकडे जाताना नागठाण्याजवळ हमरस्ता सोडला की अपशिंग्याची वाट लागते. गावाच्या नावामागे ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा जोडलेला आहे. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जण कामी आले. इंग्रज सरकारने त्यांचं स्मारक उभारलं, आणि तेव्हापासून घरटी एक तरी माणूस फौजेत ही इथली रीत झाली. दुसरं महायुद्ध, ६२, ६५, ७१, प्रत्येक वेळी गावाने माणसं दिली.

अशा स्मारकाच्या संगमरवरी पाट्या सातारा जिल्ह्यात गावोगाव दिसतात. मजकूर साचेबंद आणि इंग्रजीत असतो: या गावातून इतकी माणसं १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला गेली, पैकी इतक्यांनी प्राण दिले. दोन आकडे असतात, नाव एकही नसतं. कुठे पाटी चावडीच्या भिंतीत आहे, कुठे शाळेच्या, कुठे रंग देताना तिच्यावरूनही चुन्याचा हात फिरलेला आहे. एका गावात मी ओल्या फडक्याने पाटी पुसून आकडे वाचत होतो, तर भोवती जमलेल्या पोरांनी विचारलं, “काका, हे कशाचं?” रोज त्याच भिंतीवर ती क्रिकेटचे स्टंप काढत होती. त्यांना कुणी सांगितलेलं नाही, यात त्यांचा दोष नाही.

अपशिंग्यात मात्र सांगावं लागत नाही. पहाटे रस्त्यावर पळणारी पोरं भेटतात, भरतीची तयारी करणारी. एक निवृत्त सुभेदार त्यांच्याकडे बघत उभे होते. मी पहिल्या युद्धाचं विचारलं तर म्हणाले, “आमच्या पणजोबांचं चुलते बसऱ्याला गेलं हुतं. परत आलं न्हाईत. जर्मनच्या लढाईत म्हणायचं सगळी, पण बसऱ्याला जर्मन कुठं हुता? तुर्क हुता. ते मला फौजेत गेल्यावर कळलं.” मग त्यांनी विचारलं ते मला जास्त लागलं: “त्यांचं नाव कुठं लिवलंय का हो? तिकडं?”

बसऱ्याचा आकडा

तिकडे काय आहे, ते सांगायला हवं.

मराठा पलटणींचं पहिलं महायुद्ध मुख्यतः मेसोपोटेमियात, आजच्या इराकमध्ये झालं. १०३वी, ११०वी आणि ११७वी या मराठा पलटणी सहाव्या म्हणजे पूना डिव्हिजनमध्ये होत्या. या पलटणींत दख्खनचे मराठे, कोकणचे मराठे आणि दख्खनी मुसलमान एकत्र असत. साताऱ्याचा शेतकरी यांतल्या पहिल्या गटातून भरती होई. ही डिव्हिजन बगदाद घ्यायला निघाली. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफोनला तिची वाताहत झाली आणि ती मागे हटत तैग्रिस नदीच्या वळणातल्या कुत-अल-अमारा गावात येऊन अडकली. ७ डिसेंबरला तुर्कांचा वेढा पडला. तो २९ एप्रिल १९१६ पर्यंत चालला.

शिधा संपत गेला तशी घोडी कापायला सुरुवात झाली. पुष्कळ हिंदी शिपायांनी घोड्याचं मांस खायला नकार दिला. घरी कळलं तर पंगतीला बसता येणार नाही ही भीती होती. देशातल्या धर्मगुरूंकडून परवानगीचे निरोप मागवले गेले. तोवर माणसं हाडाची काडं झाली होती. सोडवायला आलेल्या फौजेचे सुमारे २३ हजार जखमी-मृत झाले, तरी वेढा फुटला नाही. अखेर जनरल टाउनशेंडने शरणागती पत्करली आणि सुमारे १३ हजार माणसं कैद झाली, त्यांतली बहुसंख्य हिंदी. टाउनशेंडला इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला मिळाला. शिपाई वाळवंटातून पायी हाकलले गेले, आणि जे उरले त्यांना रास-अल-ऐनला रेल्वेच्या कामावर जुंपलं.

या घटनेची आठवण कोण कशी ठेवतो ते बघण्यासारखं आहे. गॅलिपोलीची मोहीम पराभवात संपली, तरी तिथे सैन्य उतरलं तो दिवस, २५ एप्रिल, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडने राष्ट्रीय दिवस केला. पहाटे लहान लहान गावांतही लोक स्मारकापाशी जमतात. तुर्कस्तानात कुतचा विजयदिन १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत साजरा होई, मग ‘नाटो’त गेल्यावर ब्रिटनला दुखवायला नको म्हणून मागे पडला आणि २०१६ मध्ये शताब्दीला पुन्हा सुरू झाला. शत्रूच्या पंचांगात ती तारीख आहे. ज्या तालुक्यांतली माणसं तिथे उपाशी मेली, त्या तालुक्यांत २९ एप्रिल हा लग्नसराईतला एक दिवस असतो.

बसऱ्याला ब्रिटिशांनी १९२९ मध्ये स्मारक बांधलं. ज्यांची थडगी नाहीत अशा चाळीस हजारांहून अधिक मृतांसाठी ते आहे. ब्रिटिश सैनिकांची नावं दगडात कोरली गेली. हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. हिंदी शिपायांच्या बाबतीत पलटणीचं नाव आणि पुढे संख्या, एवढंच. पुढे सद्दाम हुसेनच्या काळात, १९९७ मध्ये, ते अख्खं स्मारक उचलून बसऱ्यापासून ३२ किलोमीटरवर नासिरियाच्या रस्त्याला नेऊन ठेवलं गेलं. सुभेदारांच्या प्रश्नाचं उत्तर असं आहे: स्मारकाच्या दगडावर त्यांच्या पणजोबांच्या चुलत्यांचं नाव नाही, ते एका आकड्यात आहेत. गावच्या पाटीवरही आकडा आणि बसऱ्यालाही आकडाच.

हे चुकून झालेलं नव्हतं. युद्धमृतांची दफनस्थळं आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशननेच २०२१ मध्ये अहवाल काढून मान्य केलं की, पहिल्या महायुद्धातल्या किमान ४५ हजार मृतांची आठवण बरोबरीच्या वागणुकीने ठेवली गेली नाही. त्यांत हिंदी आणि आफ्रिकी सैनिक सर्वाधिक होते. आणखी किमान १ लाख १६ हजार जणांची तर नावानिशी किंवा अजिबातच नोंद ठेवली नव्हती. या लोकांना वैयक्तिक स्मारकाचं काय कळणार, असा विचार त्या वेळच्या अधिकाऱ्यांनी केला होता. ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी संसदेत माफी मागितली. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत ती बातमी एक दिवस आली.

आणि आपण स्वतः? पहिल्या युद्धाच्या वेळी आपल्या पुढाऱ्यांना हिशेब नीट कळत होता. टिळकांनी भरतीला पाठिंबा दिला, पण हिंदी माणसाला अधिकारपद मिळालं पाहिजे या अटीवर. मराठे भरती करून देण्याची हमी म्हणून त्यांनी गांधीजींकडे पन्नास हजारांचा धनादेश पाठवला होता. १९१७ मध्ये हिंदुस्थानच्या तिजोरीतून ब्रिटनला दहा कोटी पौंडांची ‘भेट’ दिली गेली. शाहू महाराजांच्या पुढाकाराने १९२१ मध्ये पुण्यात शिवस्मारकाची कोनशिला प्रिन्स ऑफ वेल्सच्या हातून बसवली गेली, तेव्हा मराठा शिपायांच्या रक्ताचा मोबदला मान म्हणून मागितला जात होता, हे सगळ्यांना समजत होतं.

तो मान सगळ्यांना मिळाला नाही. सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर साताऱ्यात राहायला आले आणि त्यांच्या भीमरावाचं, म्हणजे पुढच्या बाबासाहेब आंबेडकरांचं, नाव ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत घातलं गेलं. इंग्रजांनी १८९० च्या दशकात महारांची भरती बंद केली, त्याची झळ याच पिढीला बसली. १९१७ मध्ये माणसं कमी पडू लागली तेव्हा १११वी महार पलटण उभी केली आणि युद्ध संपताच १९२१ मध्ये मोडली. पुन्हा युद्ध आलं, पुन्हा गरज पडली, बाबासाहेबांनी व्हाइसरॉयच्या संरक्षणविषयक सल्लागार मंडळात बसून तो प्रश्न लावून धरला आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंट सुरू झाली. युद्धातला वाटा कुणाचा, हा प्रश्न देशादेशांत जसा आहे तसा गावकुसाच्या आत-बाहेरही होता.

एकाच रुळावर

पुणे-मिरज रेल्वे तेव्हा मीटर गेज होती. कोरेगाव, रहिमतपूर, मसूर, कराड, शेणोली, ताकारी, किर्लोस्करवाडी, भिलवडी. या स्टेशनांवरून भरती झालेली पोरं मिरजेमार्गे बेळगावच्या मराठा सेंटरला जात. रजेवर येणारे फौजी पेटी-बिस्तरा घेऊन इथेच उतरत. आणि याच रुळावर शेणोलीजवळ ७ जून १९४३ रोजी प्रतिसरकारच्या तुफान सेनेतल्या तरुणांनी रेल्वेच्या पगाराची गाडी अडवून लुटली.

प्रतिसरकारचा इतिहास मराठी वाचकाला माहीत आहे, त्यामुळे तो पुन्हा सांगत बसत नाही. येडेमच्छिंद्रचे क्रांतिसिंह नाना पाटील, कुंडलचे जी. डी. बापू लाड, वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी, सहाशेच्या आसपास गावांत चाललेली न्यायदान मंडळं, तुफान सेना. मला बघायचं होतं ते एवढंच, की युद्ध आणि हे बंड एकमेकांना कसे जोडलेले होते.

ते महागाईने जोडलेले होते. रॉकेल मिळत नव्हतं, कापड मिळत नव्हतं, लेव्हीने धान्य जात होतं आणि काळा बाजार करणारे सावकार-व्यापारी गब्बर होत होते. १९४३ मध्ये बंगालात तीसएक लाख माणसं दुष्काळाने मेली ती याच युद्ध-अर्थव्यवस्थेत. प्रतिसरकारला गावांनी उचलून धरलं त्यात स्वातंत्र्याची ओढ होतीच, शिवाय काळाबाजारवाल्याला आणि दरोडेखोराला जाब विचारणारं कुणीतरी हवं होतं. युद्धात आपला वाटा मोजायचा तर मी हे उपाशी पोट आधी मोजीन. १९४५-४६ पर्यंत ब्रिटन हिंदुस्थानचं सुमारे १३० कोटी पौंड देणं लागत होता. ती रक्कम ज्या धान्याची, कापडाची आणि घामाची होती, त्यात या खोऱ्याचंही होतं.

आता तारखा शेजारी ठेवून बघा. २१ जून १९४२ ला उत्तर आफ्रिकेत तोब्रुक पडलं. रोमेलचा घाव ज्या बाजूवर बसला तिथे पाचव्या मराठ्यांची दुसरी बटालियन होती. ती जवळपास अख्खी कैद झाली. ९ सप्टेंबर १९४२ ला वडूजच्या मामलेदार कचेरीवर तिरंगा लावायला निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला आणि परशुराम घार्गे यांच्यासह माणसं पडली. दुसऱ्या दिवशी इस्लामपूरला गोळीबार झाला. म्हणजे त्याच सप्टेंबरात याच जिल्ह्याची काही मुलं इंग्रजांसाठी लढून इटालियनांच्या कैदेत होती आणि काही इंग्रजांच्या गोळीने मरत होती. मार्च १९४४ मध्ये मणिपूरच्या सांगशाकला चौथ्या बटालियनच्या मराठ्यांनी जपान्यांना अडवून धरलं, तेव्हा इकडे प्रतिसरकारचा अंमल भर जोमात होता.

कुंडलकडच्या एका घरात भिंतीवर दोन तसबिरी शेजारी लावलेल्या दिसल्या. एक टोपी घातलेला फौजी, स्टुडिओत पडद्यापुढे उभा राहिलेला. दुसरा गांधी टोपीतला, पंधरा ऑगस्टच्या सत्काराचा हार गळ्यात. सख्खे चुलतभाऊ. घरच्या वयस्कर बाईंना मी विचारलं, दोघांचं आपसात काही वाकडं नव्हतं का? त्या म्हणाल्या, “वाकडं कशाचं? थोरलं मामंजी पैसं धाडायचं तिकडनं, त्यावर घर चाललं. धाकलं रानात असायचं, त्यास्नी भाकरी त्याच पैशाची गेली. दोघंबी आमचंच की.”

या एका उत्तरात जे मावलं आहे ते आपल्या अभ्यासक्रमात मावलेलं नाही. पाठ्यपुस्तकात १९४२ आहे आणि असायलाच हवं. पण १९३९ ते ४५ चा फौजी तिथे नाही, कारण तो परक्याचा शिपाई होता. त्याला देशद्रोही म्हणायचं कुणाच्या जिवावर येतं, देशभक्त म्हणायला जीभ वळत नाही, म्हणून त्याच्याबद्दल बोलणंच टाळलं गेलं. मला हे टाळणं अन्यायाचं वाटतं. दुष्काळी माण-खटावातल्या, दोन बिघे जिराईत असलेल्या घरातला मुलगा पगारासाठी फौजेत गेला तर त्याने कुणाला विकलं नव्हतं.

स्वतंत्र भारताने हा तिढा कृतीत सोडवला, बोलण्यात सोडवला नाही. देवराष्ट्र्यात जन्मलेले यशवंतराव चव्हाण १९४२ मध्ये भूमिगत होते. त्यांच्याच मुख्यमंत्रिपदाच्या काळात, २३ जून १९६१ रोजी, देशातली पहिली सैनिक शाळा साताऱ्यात निघाली, आणि पुढच्या वर्षी चीनच्या आक्रमणानंतर ते संरक्षणमंत्री झाले. ज्या फौजेच्या युद्धप्रयत्नाला त्यांच्या पिढीने विरोध केला, ती फौज आता त्यांच्या हाताखाली होती. त्यात बेळगावचं मराठा सेंटर होतं, आणि तोब्रुकच्या कैदेतून सुटून आलेले जुने सुभेदारही असतील.

दोन फायली

आठवणीचा गावपातळीवरचा कारभार कसा चालतो, हे बघायचं तर पेन्शनच्या फायली बघाव्यात.

स्वातंत्र्यसैनिकाची केंद्राची पेन्शन १९७२ मध्ये सुरू झाली. तुरुंगवास झाला असेल तर तुरुंगाचा दाखला लागे. पण साताऱ्यातले पुष्कळजण पकडलेच गेले नव्हते. पकडले न जाणं हेच त्यांचं काम होतं. मग भूमिगत असल्याचा पुरावा आणायचा कुठून? पकड वॉरंट, जप्तीचा हुकूम, नाहीतर दीर्घ तुरुंगवास भोगलेल्या सहकाऱ्याचं प्रमाणपत्र. ज्या बाईने रात्री-अपरात्री भाकऱ्या भाजल्या, निरोप नेले, तिच्याकडे कुठलाच कागद नव्हता.

दुसऱ्या फायलीची अडचण निराळी. दुसऱ्या महायुद्धासाठी भरलेली बहुतेक माणसं १९४६ च्या सुमारास कमी केली गेली. पाच-सहा वर्षांची नोकरी. पेन्शनला पंधरा वर्षं लागत. म्हणजे केरेनच्या डोंगरावर आणि इटलीच्या चिखलात लढलेला माणूस पदक आणि रेल्वेचा पास घेऊन घरी आला, पेन्शन नाही. पुढे राज्य सरकारने दुसऱ्या महायुद्धातल्या माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना दरमहा मानधन सुरू केलं, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत. त्यासाठी लागतं डिस्चार्ज बुक. अनेक घरांत ते कौलांतून गळणाऱ्या पाण्याने, वाळवीने किंवा कृष्णेच्या पुराने गेलं.

एका कचेरीच्या बाकावर मला ऐंशीच्या पुढच्या एक आजी भेटल्या होत्या. त्यांच्या पिशवीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं एक डिस्चार्ज बुक होतं. इंग्रजी, पिवळं पडलेलं, घडीवर फाटलेलं. त्यात माणसाची उंची, छाती, ओळखीची खूण म्हणून उजव्या भुवईवरचा व्रण, आणि वर्तणुकीपुढे एक शब्द: उत्तम. “वाचा की,” त्या म्हणाल्या, “मला कुणी पुरतं वाचून दाखवलं न्हाई.” मी वाचलं. इटलीत कुठे कुठे होते ते त्यात नव्हतं, फक्त ‘परदेश सेवा’ आणि तारखा. नवऱ्याने लढाईचं काय सांगितलं होतं, असं विचारलं. “बर्फाचं सांगायचं. आन् तिकडच्या बाया चुलीजवळ बसवायच्या म्हणायचं.”

भरतीला पळणाऱ्या अपशिंग्याच्या पोरांना मी हे सांगितलं तेव्हा एकजण म्हणाला, “म्हणजे तवाबी अग्निवीरच हुतं की.” चार वर्षांच्या नोकरीची ही काळजी सातारा-सांगलीच्या प्रत्येक भरती अकादमीत ऐकू येते. घराण्याच्या आठवणीत पेन्शनशिवाय परतलेला आजोबा असेल तर ती काळजी जास्त खोल असते.

इटलीतलं घड्याळ, वॉर्सातला दगड

आपल्या माणसांची आठवण कधी कधी दुसऱ्यांनीच जास्त नीट ठेवली आहे.

यशवंत घाडगे रायगडच्या माणगाव तालुक्यातले, पळसगावचे. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर मशीनगनचा मारा झाला आणि ते सोडून सगळे पडले. ते एकटेच धावून गेले, बॉम्ब टाकून मशीनगन बंद पाडली, गोळ्या संपल्यावर बंदुकीच्या दस्त्याने उरलेल्यांशी भिडले आणि शेवटी लपलेल्या बंदूकबाजांच्या गोळ्यांनी पडले. वय बावीस. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर. माणगावात त्यांचा पुतळा आहे. आणि जुलै २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने या छोट्या गावाने त्यांच्या नावाने एक सूर्यघड्याळ उभारलं. आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो, असा लॅटिन मजकूर त्यावर आहे. युद्धात इटली विरुद्ध बाजूने उतरली होती, हे लक्षात घेतलं की मोंतोनेच्या लोकांचं मोठेपण कळतं.

दुसरं उदाहरण सांगलीला फार जवळचं. मिरज-कोल्हापूर रेल्वेवर वळिवडे म्हणून थांबा आहे. १९४३ ते ४८ या काळात तिथे पाचेक हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. स्टालिनच्या छावण्यांतून सुटून इराणमार्गे आलेली. त्यांचे बाप आणि भाऊ जनरल आंडर्सच्या पोलिश सैन्यात होते, आणि ते सैन्य मे १९४४ मध्ये मोंते कासिनोला लढलं. १८ मेला मठावर पोलिश झेंडा चढला, हे पोलंडमधल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असतं. त्याच हल्ल्यात खालच्या बाजूला गारी नदी ओलांडून जर्मन फळी फोडणाऱ्या आठव्या हिंदी डिव्हिजनमध्ये पाचव्या मराठ्यांची पहिली बटालियन होती. वळिवड्याच्या छावणीतल्या पोलिश मुलीचा बाप आणि शेजारच्या खेड्यातला मराठा शिपाई एकाच आघाडीवर होते.

पोलंडने वॉर्सात मोंते कासिनोचं स्मारक केलं आणि तिथेच कोल्हापूरचे आभार मानणारं स्मारकही उभारलं. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी दोन्हीकडे पुष्पचक्र वाहिलं. आश्रय दिल्याबद्दलचे आभार आपण आनंदाने स्वीकारले. सोबत लढल्याचं मात्र दोन्ही बाजूंनी फारसं कुणी बोललं नाही.

ब्रिटनची तऱ्हा अशी, की २०१३ मध्ये लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये ‘ब्रिटनची सर्वांत मोठी लढाई’ निवडली गेली, तेव्हा नॉर्मंडी आणि वॉटर्लूला मागे टाकून इंफाळ-कोहिमा पहिली आली. त्या लढाईत बहुसंख्य सैनिक हिंदी होते. लढाई आमच्या भूमीवर, माणसं आमची, आणि विजय ब्रिटनचा. हे ऐकून राग येतो. पण आपल्याकडे ती निवड करायची कुणाला सुचलं होतं?

दिल्लीत इंडिया गेटवर पहिल्या महायुद्धातल्या आणि अफगाण युद्धातल्या तेरा हजारांहून अधिक सैनिकांची नावं कोरलेली आहेत. समोरच्या छत्रीत पूर्वी पंचम जॉर्जचा पुतळा होता. सप्टेंबर २०२२ पासून तिथे नेताजी सुभाषचंद्र बोस उभे आहेत. इंग्रजांसाठी मेलेले आणि इंग्रजांविरुद्ध लढलेले आता समोरासमोर आहेत. कुंडलच्या त्या भिंतीवर हे आधीच झालेलं होतं.

फेरफाराच्या वहीत

मग अपशिंग्याच्या सुभेदारांचा प्रश्न. दगडावर नसलं तरी नाव कुठेतरी असतं का?

असतं. कॉमनवेल्थ कमिशनच्या संकेतस्थळावर मृतांची यादी खुली आहे. नाव, पलटण, तारीख, आणि पुष्कळांच्या पुढे ‘अमक्याचा मुलगा, अमुक गाव, तालुका कराड, सातारा’. अडचण स्पेलिंगची. त्या काळच्या कारकुनाने ऐकू आलं तसं रोमन लिपीत लिहिलं; जाधव तीन तऱ्हांनी आहे, गावांची नावं ओळखू येत नाहीत. सातारा एवढंच टाकून शोधत बसायचं आणि गावाचा आवाज कानाला लागेपर्यंत मोठ्याने वाचायचं, हाच मार्ग. पंजाबच्या घरांना थोडं सोपं झालंय: लाहोरच्या संग्रहालयात पडून असलेली सुमारे ३ लाख २० हजार सैनिकांची गाववार नोंदबुकं २०२१ पासून संगणकावर येऊ लागली. आपल्या मुलखासाठी असं काम विद्यापीठाने किंवा सरकारने हातात घ्यावं, त्याला अजून उशीर झालेला नाही.

कमिशनकडे चुकलेली नोंद दुरुस्त करून मागता येते, पण पुरावा लागतो. आणि इथे गावचं दप्तर कामाला येतं. जन्ममृत्यूच्या कोतवाल बुकात बसऱ्याला मेलेल्याचा मृत्यू सहसा मिळत नाही, कारण तो गावात मेलेला नसतो. पण त्याच्या नावावर जमीन असेल तर वारसनोंद करावीच लागे, आणि ती फेरफाराच्या वहीत होई. कुणबी नोंदींच्या शोधासाठी गेली दोन-तीन वर्षं तहसील कचेऱ्यांतली जुनी दप्तरं झाडून बाहेर निघाली आहेत, मोडी वाचणाऱ्यांना मागणी आली आहे. जातीचा कागद शोधायला गेलेल्या कराड तालुक्यातल्या एका तरुणाला खापरपणजोबांच्या भावाचा फेरफार सापडला: खातेदार लढाईवर मयत, वारस बायको आणि अज्ञान मुलगा, पालनकर्ती आई. खाली तलाठ्याची सही आणि १९१८ ची तारीख. त्याने त्याचा फोटो मला दाखवला, मग कमिशनच्या यादीतली ११०व्या मराठ्यांमधली नोंद दाखवली. गाव जुळत होतं, बापाचं नाव जुळत होतं, आडनावात एक अक्षर फिरलं होतं. मोडीचं लिप्यंतर करून घेऊन, त्यावर तहसीलची प्रमाणित नक्कल जोडून तो दुरुस्तीचा अर्ज पाठवणार आहे. आणि ग्रामपंचायतीच्या पुढच्या सभेत तो विषय ठेवणार आहे, की गावच्या पाटीवर आकड्याखाली जागा आहे, तिथे सापडतील तेवढी नावं मराठीत लावावीत. त्याच भिंतीवर बेचाळीसच्या माणसांचीही.